टिम डंकन: बोर्डचा कोपरा आणि एकोणीस हंगाम

बास्केटबॉलपटू टिम डंकनच्या खेळाचे निवडक क्षण बघायला बसलात तर पाच मिनिटांत जांभई येईल. ६ फूट ११ इंचांचा एक माणूस रिंगच्या डाव्या बाजूला उभा राहतो, बॉल घेतो, वळतो, क्षणभर थांबतो आणि बॉल रिंगमागच्या बोर्डवरच्या चौकटीच्या कोपऱ्याला लावून आत टाकतो. चेहऱ्यावर काही नाही. परत बचावाला धावतो. पुढच्या वेळी तेच. प्रतिस्पर्धी खेळाडू शॅकील ओ'नीलने त्याला 'द बिग फंडामेंटल' हे टोपणनाव दिलं. ते कौतुक होतं, पण त्याच नावाने लोकांनी त्याला कंटाळवाणाही ठरवून टाकलं.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्स या एकाच संघाकडून १९९७ ते २०१६ असे १९ हंगाम, पाच विजेतेपदं, १९ पैकी एकदाही संघाचे प्लेऑफ (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) हुकले नाहीत. या कारकिर्दीत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: त्याच्या खेळातला बहुतेक भाग शिकता येतो. कुणाची उडी कुणाला शिकवता येत नाही. पाय कुठे टेकवायचा, बॉल कुठे धरायचा, बोर्डला कुठे लावायचा हे शिकवता येतं. आणि वय वाढलं तसं त्याने एकेक गोष्ट सोडत नेली, तीही योग्य क्रमाने. त्याची कारकीर्द या दोन अंगांनी उलगडून बघायची आहे.

त्याचा जन्म २५ एप्रिल १९७६ चा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर. हे बेट अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समध्ये येतं. घरातला खेळ पोहण्याचा. बहीण ट्रिशा १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पोहली होती आणि टिमची स्वतःची शर्यत ४०० मीटर फ्रीस्टाइल. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्युगो चक्रीवादळाने बेटावरचा ऑलिंपिक मापाचा तलाव उद्ध्वस्त केला. सराव समुद्रात करायची वेळ आली; त्याला शार्कची भीती वाटायची, पोहण्यातलं मन उडालं. पुढच्या वर्षी, चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. पोहणं तिथेच संपलं.

बास्केटबॉल त्याने नववीत धरला, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या हिशोबाने फारच उशिरा. शिकवणारा त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, जो स्वतः ओहायोत कॉलेजकडून खेळला होता. हा पोरगा सात फुटांजवळ जाईल असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं, म्हणून त्याने टिमला गार्डचं, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणाऱ्याचं, शिक्षण दिलं: तोंड रिंगकडे करून खेळणं, ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटत नेणं), बाहेरून शॉट. उंच मुलांना सहसा पहिल्याच दिवशी रिंगखाली उभं करतात आणि 'हात वर ठेव' एवढंच सांगतात. मग आयुष्यभर त्यांना रिंगकडे तोंड करून काय करायचं ते कळत नाही. डंकनच्या बाबतीत क्रम उलटा झाला: कौशल्य आधी आलं, उंची नंतर. त्याच्या बोर्ड-शॉटचं मूळ या उलट्या क्रमात आहे.

वेक फॉरेस्ट विद्यापीठात तो १९९३ ला गेला. पहिला सामना अलास्कात, त्यात त्याचे गुण शून्य. चार वर्षांनी, १९९७ मध्ये, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचे दोन्ही मोठे पुरस्कार, नेस्मिथ आणि वूडन, त्याच्याकडे होते. मधल्या काळात तो कधीही शिक्षण सोडून व्यावसायिक लीगमध्ये जाऊ शकला असता आणि पहिल्या काही नावांत निवडला गेला असता. गेला नाही. मुलांनी पदवी पुरी करावी अशी आईची इच्छा होती आणि तिला तसा शब्द दिलेला होता. विषय मानसशास्त्र. विद्यार्थी असताना सामाजिक मानसशास्त्राच्या एका ग्रंथातल्या प्रकरणाचा तो सहलेखक झाला. प्रकरण होतं बढाईखोर आणि अहंमन्य माणसांशी इतर लोक कसे वागतात यावर. पुढची १९ वर्षं त्याला ज्या धंद्यात काढायची होती तो बघता विषय चांगलाच उपयोगाचा म्हणायचा.

१९९६-९७ मध्ये स्पर्सचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे फक्त ६ सामने खेळू शकला आणि संघ ८२ पैकी २० सामने जिंकून बसला. तळाच्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत आधी संधी मिळते, पण पहिला क्रमांक सोडतीने ठरतो. त्या वर्षी सर्वांत जास्त शक्यता बोस्टनची होती. सोडत स्पर्सला लागली. चांगल्या संघाला एकाच वाईट वर्षात असा खेळाडू मिळावा हे निव्वळ नशीब, आणि स्पर्सच्या व्यवस्थापनाची थोरवी गाताना लोक हे विसरतात. निवड झाल्यावर प्रशिक्षक ग्रेग पोपोविच बेटावर गेला, डंकनबरोबर समुद्रात पोहला. पहिल्याच हंगामात डंकन सगळे ८२ सामने खेळला, सरासरी २१.१ गुण, ११.९ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल). संघाचे विजय २० वरून ५६ वर.

रॉबिन्सन ७ फूट १ इंच, डंकन ६ फूट ११. दोन उंच माणसं एकत्र खेळवली की नेहमी एकच अडचण येते: दोघेही रिंगजवळ उभे राहतात, बचाव करणारे तिथेच गोळा होतात आणि बॉल आत जायला वाट उरत नाही. उपाय हाय-लो. एक जण फ्री थ्रोच्या रेषेजवळ, दुसरा रिंगजवळ. वरच्याकडे बॉल आला की खालच्याने आपल्या माणसाला पाठीवर घेऊन अडवायचं आणि मोकळा हात वर दाखवायचा. पास छातीकडे नाही, त्या हाताकडे. वरच्याला शॉट येत नसेल तर त्याचा माणूस सरळ मागे सरकून खालच्याला दुहेरी गराडा घालतो आणि सगळं कोलमडतं. इथे दोघांनाही १५ फुटांवरून शॉट येत होता. १९९९ च्या, टाळेबंदीमुळे ५० सामन्यांवर आलेल्या हंगामात स्पर्स प्लेऑफमध्ये १५ जिंकले, २ हरले. अंतिम फेरीत न्यूयॉर्क निक्सना ४-१. डंकन त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, दुसऱ्याच वर्षी.

आता तो शॉट.

बोर्ड ६ फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच असतो. त्यावरची छोटी चौकट २४ इंच रुंद, १८ इंच उंच, आणि तिची खालची कड रिंगच्या पातळीवर. म्हणजे चौकटीचा वरचा कोपरा रिंगपेक्षा दीड फूट वर आणि मधल्या रेषेपासून १ फूट बाजूला. डंकनची आवडती जागा डावीकडे, रिंगपासून साधारण १० ते १५ फूट, बोर्डशी सुमारे ४५ अंश करणाऱ्या तिरक्या रेषेवर. तिथून लक्ष्य असतं आपल्या बाजूचा वरचा कोपरा, त्याच्या किंचित आत.

बोर्ड वापरून फायदा काय? सरळ शॉटमध्ये वेग थोडा जास्त झाला की बॉल मागच्या कडीवर आदळून बाहेर येतो. बोर्डला लागताना बॉलचा बराचसा वेग जातो, त्यामुळे तेवढीच चूक पचते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०११ मध्ये संगणकावर हजारो-लाखो शॉट मारून पाहिले, तेव्हा १२ फुटांच्या आत आणि विशेषतः तिरक्या कोनांतून बोर्ड-शॉट सरळ शॉटपेक्षा २० टक्क्यांपर्यंत सरस ठरला. डंकनने हा निष्कर्ष यायच्या आधी चार विजेतेपदं जिंकून ठेवली होती. आणखी एक फायदा बचाव करणाऱ्यामुळे मिळतो. त्याचा हात शॉट मारणारा आणि रिंग यांच्यामधल्या रेषेत येतो. बोर्डची रेषा त्याहून जरा बाजूने आणि उंचावरून जाते.

करायचं असं. बॉल हातात येताना दोन्ही पाय एकदम टेकवायचे, म्हणजे कुठलाही पाय पिव्होट (जमिनीवर रोवून ज्यावर वळायचं तो) म्हणून वापरायला मोकळा राहतो. वळायचं, आणि वळल्यावर पायांची बोटं, कंबर, खांदे हे सगळं बोर्डवरच्या त्या बिंदूकडे करायचं, रिंगकडे नाही. बहुतेकांचं इथे बिघडतं: डोळे कोपऱ्यावर, खांदे रिंगकडे, मग हात शेवटच्या क्षणी आडवा ओढला जातो आणि बॉलला बाजूची फिरकी बसते. बाजूची फिरकी असलेला बॉल बोर्डला लागला की भलतीकडे उडतो. मागची फिरकी मात्र हवीच. मागे फिरणाऱ्या बॉलचा बोर्डला टेकणारा भाग वर जात असतो, म्हणून घर्षण बॉलला खाली ढकलतं आणि तो रिंगमध्ये मऊ पडतो.

वळल्यावर एक छोटं आमिष: मोकळा पाय बुटाएवढा पुढे, परत मागे. बचाव करणारा अर्धं पाऊल मागे गेला तर शॉट, नाही गेला तर त्याच्या पुढच्या पायाच्या बाजूने एक ड्रिबल. ड्रिबल घेताना बॉल हातातून सुटण्याआधी पिव्होट पाय उचलला की ट्रॅव्हल हा नियमभंग. घाईत आमिषाचं पाऊल मोठं पडतं, तोल जातो आणि हीच चूक होते. या पूर्ण वेळात बॉल कपाळाच्या बाजूला उंच. उंच खेळाडू बॉल कमरेपर्यंत खाली आणतात तेव्हा खालून येणारा बुटका गार्ड तो काढून नेतो. डंकन बॉल खाली आणत नसे. उडीही बेताचीच, कारण हात मुळातच उंच सुटायचा. त्यामुळेच हा शॉट चाळिशीपर्यंत टिकला.

चुकला तर कुठे चुकला हे बॉलच सांगतो. रिंगच्या लांबच्या कडीवर गेला, म्हणजे बोर्डला मध्याच्या फार जवळ लागला. जवळच्या कडीवर पडला, म्हणजे फार बाहेर लागला. कडीच्या पुढे घसरून खाली आला तर लक्ष्य कमी उंचीचं होतं. जोरात परत अंगावर आला तर बॉल वर चढत असतानाच बोर्डला लागला. कमान वाढवा, लागताना तो खाली उतरत असला पाहिजे. बेसलाइनकडे (रिंगमागच्या सीमारेषेकडे) सरकलात की लक्ष्य बाहेर आणि थोडं वर सरकतं; समोरच्या बाजूला आलात की मध्याकडे येतं. बेसलाइनला अगदी चिकटून उभं राहिल्यावर बोर्ड उपयोगाचा नाही.

बोर्ड बदलला की शॉट बदलतो. घट्ट बसवलेली जाड काच बॉल ठसठशीत परत देते. खांब हलत असेल, स्क्रू ढिले असतील किंवा बोर्ड पातळ असेल तर बॉल तिथल्या तिथे मरतो. अशा ठिकाणी लक्ष्य थोडं वर धरावं लागतं. नव्या मैदानावर सरावाचे पहिले दहा शॉट दोन्ही बाजूंनी बोर्डवर मारून बघावेत, मग सरळ शॉटला लागावं.

डावीच बाजू का, तर तिथे त्याच्या उजव्या हाताला दुसरं हत्यार मिळतं. डावीकडे पाठ रिंगकडे करून उभं राहिलं की मैदानाचा मध्य आपल्या डाव्या हाताला येतो. डाव्या खांद्यावरून मध्याकडे वळलं की उजव्या हाताचा छोटा हुक (बाजूने हात डोक्यावरून फिरवून टाकलेला शॉट) निघतो: डावा खांदा बचाव करणाऱ्याच्या छातीसमोर, बॉल शरीराच्या पलीकडे, त्याला पोहोचताच येत नाही. हुक रोखायला तो मध्याकडे जास्त झुकला की उजव्या खांद्यावरून बेसलाइनकडे वळून तो मोकळा. दोन्हीकडून अडवला तर तोंड फिरवून बोर्ड. आणि शॉटचा आव आणल्यावर बचाव करणारा उडाला तर त्याच्या हाताखालून एक पाऊल टाकून सोपा लेअप (रिंगजवळून टाकलेला शॉट), तोही बोर्ड लावून. चारच चाली. प्रत्येक चाल आधीच्या चालीच्या उत्तराला उत्तर आहे, आणि या क्रमाशिवाय नुसता हुक पाठ करून काही मिळत नाही.

दुहेरी गराडा आला तर? डंकन बॉल घेतल्यावर लगेच ड्रिबल करत नसे. ड्रिबल हातात असेपर्यंत दुसरा बचाव करणारा कोणत्या बाजूने येतो ते बघता येतं. तो जिथून निघाला तिथला साथीदार मोकळा असतो. ड्रिबल संपवून बसलेला खेळाडू कोपऱ्यात सापडतो आणि मग आंधळा पास फेकतो.

बचावात त्याचं काम याहून मोठं होतं, आणि लिहायला याहून कमी, कारण बचाव म्हणजे बराचसा संयम. नियमित हंगामांत ३,०२० ब्लॉक (हाताने अडवलेले शॉट), पण प्रेक्षकांत भिरकावलेले थोडे. बॉल बाहेर गेला तर तो परत विरोधकांनाच मिळतो. डंकन बॉल बोटांनी थोपवायचा, जवळ पाडायचा आणि बहुतेक वेळा तोच उचलायचा. समोरचा शॉटचा आव आणतो तेव्हा हात वर करायचे, पाय जमिनीवरच. समोरच्याचे पाय सुटले की मग आपण उडायचं, आणि सरळ वर. पुढे झेपावलात तर धडक तुमची, फाउल तुमचा. पिक-अँड-रोलमध्ये (साथीदार बचाव करणाऱ्याची वाट अडवतो आणि बॉलवाला त्याच्या आडून निसटतो ती चाल) तो बॉलवाल्याच्या मागे धावत नसे; दोन पावलं मागे राहून बॉल आणि रिंग यांच्यामध्ये सरकत जायचा, समोरच्याला लांबच्या दोन गुणांच्या शॉटवर समाधान मानायला लावायचा. पंधरा वेळा लीगच्या सर्वोत्तम बचाव संघांत निवड, तरी वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा किताब एकदाही नाही. मतदारांनी उडालेले बॉल मोजले असावेत.

२००२ आणि २००३ अशी लागोपाठ दोन वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू. १५ जून २००३ चा, न्यू जर्सी नेट्सविरुद्धच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना त्याच्या खेळाचा सर्वांत भरगच्च नमुना आहे: २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट (ज्यावर साथीदाराने गुण केले असे पास), ८ ब्लॉक. चारही रकान्यांत दोन आकडी व्हायला फक्त दोन ब्लॉक कमी. चौथ्या डावात नेट्स पुढे असताना स्पर्सने सलग १९ गुण केले. चित्रीकरण मिळालं तर त्या काळात बॉल सोडून त्याच्याकडे बघा. १० असिस्ट गराड्यातून कसे निघाले ते तिथे दिसतं. रॉबिन्सनचा तो शेवटचा सामना.

पुढचे सोबती टोनी पार्कर, २००१ मधली २८ व्या क्रमांकाची निवड, आणि मनू जिनोबिली, १९९९ मधली ५७ वी. अंतिम फेरीत २००५ ला डेट्रॉइटला सात सामन्यांत हरवलं, २००७ ला क्लीव्हलँडला चारच सामन्यांत.

वाईट प्रसंगही पुष्कळ. एप्रिल २००० मध्ये डाव्या गुडघ्याचा मेनिस्कस (सांध्यातली कूर्चा) फाटला, प्लेऑफ खेळता आलं नाही, संघ पहिल्याच फेरीत बाद. त्या उन्हाळ्यात करार संपल्यामुळे तो ऑर्लँडोला जवळजवळ गेलाच होता. २००४ मध्ये लेकर्सविरुद्ध त्याने ओ'नीलवरून तोल गेलेला, अशक्य वाटणारा शॉट टाकून एका गुणाची आघाडी मिळवली, घड्याळात ०.४ सेकंद उरले होते आणि तेवढ्यात डेरेक फिशरने सामना काढला. एप्रिल २००७ मध्ये तर एका पंचाने त्याला बाकावर बसून हसल्याबद्दल बाहेर काढलं! लीगने नंतर पंचालाच उरलेल्या हंगामासाठी निलंबित केलं. ज्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी काही दिसत नाही अशी तक्रार होती, त्याला शिक्षा हसण्याची.

२०११ मध्ये अव्वल मानांकन असून स्पर्स आठव्या मानांकित मेम्फिसकडून हरले आणि सगळ्यांनी ठरवलं की हा संघ म्हातारा झाला. डंकन ३५ चा. मोठ्या खेळाडूंच्या कारकिर्दीचा शेवट इथेच कुरूप होतो: वेग गेलेला असतो, पण बॉल, मिनिटं आणि पगार पूर्वीइतकेच हवे असतात. डंकनने तिन्ही कमी केले.

मिनिटं: पहिल्या हंगामात सामन्याला ३९.१, २०११-१२ मध्ये २८.२. लागोपाठच्या दिवशी सामने असले की पोपोविच त्याला एका सामन्यात बसवायचा. मार्च २०१२ मध्ये एका सामन्याच्या अधिकृत तक्त्यात न खेळण्याचं कारण चक्क 'म्हातारा' असं छापून आलं. वजन: उमेदीच्या काळातलं जडपण त्याने उतरवलं, कारण त्या डाव्या गुडघ्यावर प्रत्येक उडीनंतर उतरायचं होतं. आडव्या-उभ्या धक्काबुक्कीसाठी लागणारं वजन आता नको होतं, कारण कामच बदललं होतं. आक्रमण लो पोस्टवरून (रिंगजवळच्या जागेवरून) हलून पार्करच्या पिक-अँड-रोलकडे गेलं आणि डंकन मुख्यतः स्क्रीन लावणारा, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवून उभा राहणारा, झाला. स्क्रीनचं काम दिसत नाही, पण त्यात चुकायला भरपूर जागा आहे. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, हात अंगाशी, आणि धडक होईपर्यंत पूर्ण स्थिर. शेवटच्या क्षणी कंबर सरकवली की आक्रमक फाउल. धडक झाली की बॉलच्या बाजूला पाठ न करता रिंगकडे वळायचं, म्हणजे पास दिसत राहतो. बचाव करणारे आधीच बाहेर झेपावत असतील तर धडकेची वाट न बघता आत सटकायचं.

पगार: २०११-१२ मध्ये सुमारे २ कोटी १० लाख डॉलर, पुढच्या वर्षी सुमारे ९६ लाख. लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, म्हणून एकाने सोडलेल्या पैशात बाकावरचे दोन-तीन चांगले खेळाडू राहतात. याला त्याग म्हणायची पद्धत आहे. मला तो व्यवहार वाटतो, आणि शहाणा व्यवहार. कमी मिनिटं खेळून जिंकायचं तर उरलेली मिनिटं भरायला कुणीतरी लायक माणूस लागतोच. २०१२-१३ मध्ये, ३७ व्या वाढदिवसाच्या हंगामात, तो लीगच्या पहिल्या सर्वोत्तम पाचांत परत आला.

त्याच हंगामाची अंतिम फेरी मायामीविरुद्ध. सहाव्या सामन्यात डंकनचे ३० गुण, १७ रिबाउंड. २५ गुण तर पहिल्या अर्ध्यातच. शेवटची २८ सेकंदं उरली तेव्हा स्पर्स ५ गुणांनी पुढे. तीन गुणांचे शॉट अडवायला चपळ माणसं हवीत म्हणून निर्णायक क्षणी डंकन बाकावर होता. मायामीचा शॉट चुकला, रिबाउंड ख्रिस बॉशने घेतला, रे अ‍ॅलनने कोपऱ्यातून तीन गुण टाकले, घड्याळात ५.२ सेकंद. रिबाउंडसाठी डंकन का नव्हता, हा वाद आजही संपलेला नाही. माझ्या मते डाव मुळात चुकीचा नव्हता: तेव्हा मायामीला तीनच गुण हवे होते, आणि डंकनला बाहेर धावायला लावलं असतं तर तोही रिंगपासून लांबच गेला असता. सातव्या सामन्यात, मिनिटभरापेक्षा कमी वेळ असताना, बरोबरी साधू शकणारा जवळचा हुक त्याच्याकडून चुकला, लगेचची टिपही (परत आलेला बॉल बोटांनी आत ढकलणं) चुकली. त्याने जमिनीवर हात आपटला.

पुढच्या वर्षी तोच विरोधक, या वेळी स्पर्स ४-१ ने जिंकले. डंकन ३८ वर्षांचा, मालिकेत सरासरी १५.४ गुण, १० रिबाउंड. सर्वोत्तम खेळाडू २२ वर्षांचा कवाई लेनर्ड.

२०१५-१६ मध्ये संघ ६७ सामने जिंकला आणि डंकनची सरासरी कारकिर्दीत पहिल्यांदाच १० गुणांच्या खाली, ८.६ वर आली. १२ मे २०१६ ला ओक्लाहोमा सिटीत शेवटचा सामना, १९ गुण. ११ जुलैला क्लबने निवेदन काढलं, तो निवृत्त झाला. निरोपाचा दौरा नाही. नियमित हंगामांतले १,३९२ सामने, त्यात १,००१ विजय; २६,४९६ गुण, १५,०९१ रिबाउंड. २१ नंबरची जर्सी त्याच डिसेंबरात कायमची वर टांगली गेली.

निवृत्तीनंतरचं थोडक्यात. सॅन अँटोनियोत त्याचं गाड्यांना नवं रूप देण्याचं दुकान आहे. कारकिर्दीच्या अखेरीस त्याने आपल्या माजी आर्थिक सल्लागाराला कोर्टात खेचलं. सल्लागाराने ज्या कंपन्यांत पैसे गुंतवायला लावले त्यांत सल्लागाराचेच हितसंबंध होते अशी तक्रार होती, आणि २०१७ मध्ये तो माणूस फसवणुकीचा गुन्हा कबूल करून चार वर्षांसाठी तुरुंगात गेला. सल्ला देणारा आणि गुंतवणुकीतून कमावणारा एकच असेल तर हिशोब तिसऱ्याने तपासावा, एवढं यातून कोणत्याही खेळाडूने घ्यावं. २०१९-२० मध्ये तो स्पर्सचा सहायक प्रशिक्षक होता. मार्च २०२० मध्ये पोपोविच नसताना एक सामना त्याने सांभाळला, जिंकला, आणि हंगामानंतर पद सोडलं. २०२० च्या हॉल ऑफ फेम (बास्केटबॉलमधल्या दिग्गजांचा सन्मान) यादीत त्याचं नाव कोबी ब्रायंट आणि केव्हिन गार्नेटबरोबर आलं. मे २०२१ च्या समारंभात त्याला व्यासपीठावर घेऊन गेला तो रॉबिन्सन.

एक गोष्ट मात्र त्याला कधीच पूर्ण जमली नाही: फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट. जिथे कुणी अडवत नाही, तिथेच. यामागचं एक कारण मला भूमितीत दिसतं. फ्री थ्रो अगदी समोरून, १५ फुटांवरून असतो. त्याचा आवडता तिरका कोन तिथे मिळत नाही, बोर्डचा फायदा जवळजवळ जातो आणि उरतो तो निव्वळ सरळ शॉट. आधी उल्लेख केलेल्या त्याच विद्यापीठातल्या २००८ च्या अभ्यासानुसार चांगल्या फ्री थ्रोला सुमारे ५२ अंशांची सुरुवात, सेकंदाला तीन मागच्या फिरक्या आणि रिंगच्या मध्यापेक्षा थोडं मागचं लक्ष्य लागतं. उंच खेळाडूचा हात मुळातच वर सुटत असल्याने त्याला कमान द्यायचा आळस होतो आणि बॉल सपाट जातो. शिवाय डंकन फ्री थ्रोची पद्धत वरचेवर बदलायचा. बदल पचायला शेकडो शॉट लागतात, तोवर पुढचा बदल आलेला. २००३-०४ मध्ये प्रमाण ५९.९ टक्क्यांपर्यंत घसरलं, २०१२-१३ मध्ये ८१.७ वर चढलं, पुन्हा उतरलं. कारकिर्दीची सरासरी ६९.६. दहातले तीन शेवटपर्यंत चुकतच राहिले.